पंप बोलतोय का?

पाटाच्या पुलावर वाट अरुंद झाली, तसे शमशेरचाचा थांबले. त्यांनी संयोगिताला पुढं जाऊ दिलं आणि पूल ओलांडल्यावर पुन्हा तिच्या उजव्या अंगाला येऊन चालू लागले. मघापासून हेच चाललं होतं. आधी तिला वाटलं, सूनबाईचा पाय घसरू नये म्हणून म्हातारा पाण्याच्या बाजूनं चालतोय. पण पुलानंतर पाट डावीकडं गेला, तरी चाचा उजवीकडंच.

“हां, तर किल्ली फिरवली. मंग?” त्यांनी विचारलं.

“मग काय, स्टार्टर फिरला की. खुर्रखुर्रखुर्र असा. पण इंजिन काही पकडेना.”

“जोरात फिरत हुता का दमल्यावानी?”

“जोरात. बॅटरी नवीनच आहे, मामंजींनी उन्हाळ्यात बसवली.”

“बॅटरीचं मी न्हाई इचारलं, सूनबाई. तुमी काय ऐकलं ते सांगा. बॅटरीचं मी बघीन.”

संयोगिताला हसू आलं. अंगणवाडीत पोरांना ती हेच सांगायची, विचारलंय तेवढंच सांगा. तिनं पुन्हा पहिल्यापासून आठवायला सुरुवात केली.

दिवस खंडेनवमीचा. सकाळी नाथाजी सुभेदारांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, आपली जुनी पांढरी मोटार विहिरीच्या मोटरीचा पाइप लावून धुतली. आत, बाहेर, बॉनेट उघडून. सैन्यातून आलेला माणूस, अर्धवट धुणं त्यांना चालत नाही. मग सासूबाईंनी, लीलाबाईंनी, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी संयोगिताच चालवते. लीलाबाईंना विट्याकडच्या माहेरगावी देवीची ओटी भरायची होती, ती भरून दोघी परत निघाल्या. घाट उतरल्यावर लीलाबाईंना रस्त्याकडेला आपट्याचं झाड दिसलं. उद्याचं सोनं आजच तोडू म्हणून उतरल्या. पिशवीभर पानं घेऊन परत बसल्या, आणि गाडी चालू होईना.

तिथूनच तिनं शमशेरचाचांना फोन लावला. पूर्ण वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. लीलाबाई म्हणाल्या, “पूजेची गाडी अन् ओटीचं ताट रस्त्यावर टाकून मी यायची न्हाई. तू जा पाटानं, तेवढ्यात माझं देवीचं नाव घेणं हुईल.” तशी ती पाटाच्या वाटेनं कुंडलला चालत आली. बघते तर चाचा गॅरेजच्या दारात स्टुलावर बसलेले, आणि फोन त्यांच्याच खिशात.

“सायलंट झाला आसंल,” म्हणाले.

शेजारचा ज्योतिबा मोटरसायकल काढायला तयार होता. चाचांनी हात हलवला. “चालत जाऊ. गाडीची हकीगत ऐकायला येळ पायजे.” त्यांची स्वतःची मोपेड गॅरेजच्या कोपऱ्यात उभी होती. दोन्ही चाकांत हवा नाही, सीटवर कोंबडीची विष्ठा. गुडघे दुखतात म्हणून चालवत नाही, असं ते वर्षभर सांगत होते. आणि आता पाटाच्या कडेनं असे चालत होते की संयोगिताला दम लागत होता. हे कसले गुडघे, असं तिच्या मनात येऊन गेलं.

दुसरं एक तिच्या मनात होतं. चाचा निघाले ते मोकळ्या हातानं. खांद्यावर एक फडकं, बस्स.

“चाचा, एखादा पाना तरी घ्यायचा होता.”

“आज?” चाचा थांबून तिच्याकडं बघू लागले. “आज हत्यारं पूजेला बसल्यात. उद्या सोनं वाटल्याबिगर उचलायची न्हाईत.”

तिनं पाहिली होती ती. दारातल्या फळीवर पाने, पक्कड, हातोडी, पंपाचं प्रेशर बघायचं घड्याळसुद्धा, सगळं रॉकेलनं पुसून ओळीत मांडलेलं, प्रत्येकावर झेंडूचं फूल. रहिमतबीनं, चाचांच्या बायकोनं, मांडली होती.

“आमचा बाप नालबंद,” चाचा चालता चालता सांगू लागले. “बैलाला नाल ठोकायचा. बाजाराच्या दिशी पलूसला, न्हाईतर इथंच पिंपळाखाली. नवमीला त्यो हातोडी ठिवायचा. एकदा एकाचा बैल लंगडत आला, बापानं नुसत्या हातानं खूर धरला, खडा काढला, पर हातोडी उचलली न्हाई. रहिमत म्हणती, हत्याराला बी एक दिस इसावा पायजे. मला पटतं. माणसाला तरी शुक्रवार हाय, पान्याला कोण देतंय सुट्टी?”

बैल कमी झाले तसा नालाचा धंदा गेला. शमशेर साताऱ्याला एसटी स्टँडमागच्या एका गॅरेजात राहिले. तिथं उस्ताद म्हणायचा, आधी ऐक, मग उघड. ते ऐकणं शमशेरनी असं अंगी लावलं की कुंडलला येऊन गॅरेज टाकल्यावर त्याचंच नाव झालं. गाडी आली की मागच्या सीटवर कान टेकून डोळे मिटून बसायचे आणि मालकाला म्हणायचे, फिरव किल्ली. पंप बोलतोय का, कसा बोलतोय, घसा बसलाय का, सगळं ऐकायचे. शमशेरच्या कानाला पेट्रोलचा वास येतो, असं गावात म्हणायचे. मुलगा आसिफ साताऱ्यालाच एमआयडीसीत सुपरवायझर आहे. तो दर खेपेला म्हणतो, अब्बा, बंद करा आता, आमच्याकडं या. चाचा म्हणतात, अजून एक उसाचा सीझन. असे कितीतरी सीझन झाले.

“चाचा, पण पंप म्हणजे नक्की असतो कुठं?” संयोगितानं विचारलं. तिला अशा गोष्टी विचारल्याशिवाय राहवत नसे.

“टाकीच्या पोटात. पेट्रोलमधी बुडवून ठिवलेला. तितनं पुढं इंजिनाला पेट्रोल ढकलतो.”

“पेट्रोलमध्ये बुडवून? आणि वर त्याला करंट? पेटत नाही?”

“हवा पायजे न्हवं पेटायला. त्यो बुडल्याला.” चाचांना प्रश्न आवडला होता, हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. “उन्हाळ्यात म्हैस डबक्यात बसती तसा बसतो त्यो. चालून चालून तापतो, पेट्रोल त्याला गार ठिवतं. आता डबकं आटलं तर म्हशीचं काय हुईल?”

“तापेल.”

“सुभेदार काटा कुठं ठिवतात?”

नाथाजींचा काटा कायम लाल रेघेवर. पेट्रोल पंपावर गेले की थोडंसं घालायचं आणि म्हणायचे, गाडीत पेट्रोल साठवायला ती काय टँकर आहे?

“आज किती हुतं?”

“लाल रेघेच्या जरा वर.”

“आन् फुसफुसून बंद पडली का चालताना?”

“नाही हो, मी बंद केली तेव्हा चांगली होती. उतरलो, पानं तोडली, परत आलो तर चालूच होईना.”

“पेट्रोलचा कच्चा वास आला काय किल्ली मारल्यावर?”

“नाही आला.”

ती बोलताना चाचा सारखे तिच्या तोंडाकडं बघत होते. इतकं मन लावून तिचं बोलणं घरातही कुणी ऐकत नाही, असं तिला वाटलं.

“पंप गेला,” ते शेवटी म्हणाले. “म्हैस तापून मेली.”

आपट्याच्या झाडाखाली गाडी होती, आणि मागच्या सीटवर लीलाबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मांडीवर ओटीचं ताट, पायाशी पानांची पिशवी.

“आलास का रं शमशेर? मला वाटलं दसरा करूनच येतोस.”

“आवं लीलाक्का, तुमी बसलाय म्हणून गाडीला उठवंना झालंय. उतरा खाली.”

“मी बसले म्हणून बंद पडली व्हय? मेल्या, मी बारीक हुते तवापास्नं ह्या गाडीत बसते.”

हसत, कण्हत त्या उतरल्या. चाचांनी आधी संयोगिताला किल्ली मारायला लावून मागं सायलेन्सरशी नाक नेलं. स्टार्टर खुरखुरला. नाक मागं घेऊन त्यांनी मान हलवली. वास नाही, म्हणजे पेट्रोल पुढं येतच नाही. मग त्यांनी मागची सीट हातानंच उचलून बाजूला केली. खाली पत्र्याचं एक झाकण होतं, त्याच्या खाली टाकी.

“आता नीट ऐका, सूनबाई. स्टार्टर मारू नका. किल्ली निम्मीच फिरवा, दिवे लागतील इतपत. चांगला पंप आसला की दोन सेकंद घुंऽ करतो आन् गप बसतो. मी हात ठिवतो.”

ते वाकले आणि झाकणावर तळहात पसरून ठेवला. कान नाही, हात. संयोगितानं पुढं बसून किल्ली निम्मी फिरवली. मागून घुं नाही की काही नाही. पण पुढं, बॉनेटच्या आत, काहीतरी बारीक वाजलं.

“चाचा, पुढं काहीतरी वाजतंय,” ती म्हणाली.

“पुन्यांदा फिरवा.”

तिनं फिरवली. पुन्हा तेच. “पुढं वाजतंय चाचा, बॉनेटमध्ये.”

“काय न्हाई. मेला पंप. उद्या सोनं वाटलं की टाकी उतरवतो आन्—”

“चाचा, मी काय म्हणते, पुढून आवाज येतोय.”

“—आन् विट्यास्नं पंप आणाय लागंल.”

“आरं ए!” लीलाबाई झाडाखालून ओरडल्या. “कवाधरनं सांगतीया पोरगी, पुढं वाजतंय म्हणून! कान काय हत्यारांसंगं पूजेला ठिवून आलायस?”

हे मात्र चाचांना ऐकू गेलं. ते सरळ झाले. हसायला हवं होतं, पण हसले नाहीत. नुसतं फडकं खांद्यावरून काढलं आणि पुन्हा खांद्यावर टाकलं.

संयोगितानं आरशात ते पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. ती पाठमोरी बसून बोलत होती. तोंड दिसल्याशिवाय चाचांना काही कळतच नव्हतं. म्हणून ते उजव्या अंगानं चालत होते. त्यांचा डावा कान थोडा तरी शाबूत असणार. म्हणून खिशातला फोन, म्हणून मोपेडच्या चाकातली गेलेली हवा; मागून आलेल्या गाडीचा हॉर्न कळला नसता. ज्याचं आयुष्य ऐकण्यावर चाललं, त्या माणसाला ऐकू येत नव्हतं, आणि हे कुंडलमध्ये कुणालाही ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर गाडी दाखवायला कोण आलं असतं? आसिफनं तर दुसऱ्या दिवशीच कुलूप लावलं असतं.

“मीच हळू बोलले, आई,” ती म्हणाली. मग खाली उतरली, चाचांच्या समोर येऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, “पुढं वाजतंय. पाल चुकचुकते ना, तसं.”

चाचांनी तिच्याकडं बघितलं. तिला कळलंय, हे त्यांनाही कळलं. पण आता त्यांच्या चेहऱ्यावर त्याहून मोठं काहीतरी आलं होतं.

“पाल कशी? एकदाच टक्, का टकटकटक?”

“टकटकटक. भरभर. थरथरल्यासारखं.”

“किल्ली फिरवल्यावर लगीच?”

“लगेच.”

“आन् बारीक?”

“अगदी बारीक. घरात असतं तर कुणाला ऐकूही आलं नसतं.”

चाचा तरातरा पुढं गेले आणि बॉनेट उघडलं. बॅटरीच्या बाजूला एक काळी पेटी होती. तिचं झाकण नखानं उचकटलं आणि ते थबकले. आत रांगेनं काडेपेटीएवढ्या काळ्या डब्या बसवलेल्या, आणि डब्यांच्या मधे कुंकवाचं लाल पाणी साठलेलं. एका कोपऱ्यात तांदळाचे चार दाणे.

“लीलाक्का,” ते हळूच म्हणाले, “ह्या पेटीची पूजा कुणी केली?”

“मीच. का?” लीलाबाई पुढं आल्या. “सुभेदारानं झाकण काढून धुतली, म्हणलं उघडीच हाय तर दोन बोटं कुंकू आतनं बी लावावं. कलशातलं पाणी शिंपडलं वाईच.”

“वाईच? ही तर गंगेत बुडी मारून आलीया. आवं, देवीची ओटी भरा, ह्या डब्याला कशापायी आंघोळ?”

“डबा गाडीचाच न्हवं? का त्यो शेजाऱ्याचा हाय?”

चाचा आता खरंच हसले. त्यांनी संयोगिताला जवळ बोलावलं आणि एका डबीवर बोट ठेवलं. हिला रिले म्हणायचं. किल्ली फिरली की पंपाला करंट सोडायचं काम हिचं. धुतल्यावर दिवसभर ओल आत मुरली, आणि गाडी गरम होऊन थांबली तशी डबीच्या पायांशी साचून बसली. डबी धड लागत नव्हती, नुसती थरथरत होती. टकटकटक. मागं पंप बिचारा करंटची वाट बघत टाकीत बसलेला.

“म्हणजे म्हैस जिवंत आहे?” संयोगितानं विचारलं.

“बघू.”

डबी हातानं निघाली. पायांवर पांढुरकी साय चढली होती. चाचांनी फडक्याचं टोक पिळून, सुईच्या नेढ्यात दोरा घालावा तसं, एकेक भोक कोरडं केलं, वर फुंकर मारली. शेजारची हॉर्नची डबी त्याच मापाची होती आणि तिच्यापर्यंत पाणी पोचलं नव्हतं. ती काढून त्यांनी पंपाच्या जागी दाबली. सगळं हातानं. पाना लागलाच नाही.

मग ते मागं गेले आणि पुन्हा झाकणावर तळहात ठेवला. “फिरवा,” म्हणाले.

संयोगितानं मनात अंबाबाईचं नाव घेतलं आणि किल्ली निम्मी फिरवली.

घुंऽऽ.

भोपळ्याच्या फुलात भुंगा अडकावा तसा आवाज मागून आला आणि थांबला. ती गर्रकन वळली. चाचा डोळे मिटून तळहाताकडं तोंड करून बसले होते. हाताला घट्टे पडलेले, त्यातून काही कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी डोळे उघडले आणि तिच्या तोंडाकडं पाहिलं.

“बोलतोय?”

तिनं मान डोलावली. मग हातानं दाखवलं, लय छान.

पुढच्या किल्लीला इंजिन पकडलं. लीलाबाईंनी गाडीच्या दिशेनं हात जोडले, मग चाचांच्या दिशेनंही जोडले आणि सीट बसवायच्या आत मागं चढायला निघाल्या. “हॉर्न वाजायचा न्हाई आता, सांभाळून हाका,” चाचांनी सांगितलं. त्यावर लीलाबाई म्हणाल्या, मी हाय की, खिडकीतनं वरडते. आणि खरंच, शेळ्यांच्या एका कळपाला त्यांनी तसं बाजूला केलं.

वाटेत चाचा पुढच्या सीटवर बसले होते. मागून लीलाबाई एकदम म्हणाल्या, “शमशेर, माझाबी एक कान गेल्याला हाय रं. मी नुसती हां हां म्हणते. लोकं म्हणत्यात, म्हातारी लय शहाणी झाली.” चाचांना ते ऐकू आलं की नाही, संयोगिताला कळलं नाही. तिनं गाडी चालवता चालवता ते पुन्हा मोठ्यानं सांगितलंही नाही.

गॅरेजपाशी आल्यावर लीलाबाई ओटीतला प्रसाद द्यायला रहिमतबीकडं आत गेल्या. आतून दोघींचं बोलणं सुरू झालं. संयोगिता आणि चाचा दारात, फळीवरच्या हत्यारांपाशी उभे राहिले. झेंडूची फुलं उन्हानं मलूल झाली होती.

ती त्यांच्या डाव्या बाजूला आली. “चाचा, मी कुणाला सांगणार नाही. आईंनाही नीट समजावते.”

चाचांनी एका पान्यावरचं फूल सरळ केलं, पान्याला हात न लावता.

“न्हाई, सूनबाई,” ते म्हणाले. “आज तुमी हुता. उद्या दुसऱ्या कुणाची गाडी आली आन् मी म्हणलो पंप मेला, तर त्यो बिचारा चांगला पंप उतरवून टाकंल. बापानं बैलाचा खूर चुकीचा कवा धरला न्हाई.”

“मग?”

“उद्या आसिफ येतोय दसऱ्याला. मी त्याला कानाचं सांगणार हाय. साताऱ्यात कानाचं मशीन मिळतं म्हणत्यात, ते बसवतो म्हणणार. पर त्यो माझं निम्मंच ऐकंल, आन् म्हणंल, अब्बा, चला बॅगा भरा. तवा तुमी या. सोनं द्यायला म्हणून या, आन् त्याच्यासमोर आजचं समदं सांगा. कान न्हाई तरी इचारून इचारून रिले कसा गावला ते सांगा. आन् त्याच्या आधी मी पंप गेला म्हणलो, ते बी सांगा. ते गाळू नका.”